दुखणं सांगायला जाताना

ताम्हिणीत पाठ दुखत नाही असं जाणतं माणूस शोधायला निघालात तर दिवस मोडेल, पण माणूस सापडणार नाही. भाताची लावणी म्हणजे दिवसचे दिवस चिखलात ओणवं राहणं. पुढे बेणणी, कापणी, भारे वाहणं, झोडणी. मधल्या काळात डोंगरातून सरपणाच्या मोळ्या. आता निम्मं गाव रस्त्याकडे वळलंय. पावसाळ्यात धबधबे बघायला येणाऱ्यांसाठी मक्याची कणसं नि भजी विकणाऱ्या टपऱ्यांवर बायका-पोरं उजाडल्यापासून काळोख पडेपर्यंत उभी असतात. ओणवं राहण्याच्या जागी उभं राहणं आलं, एवढाच फरक. कंबर सगळ्यांचीच धरते. म्हणून इथे ‘पाठ दुखते’ असं कुणी म्हटलं तर ऐकणारा थांबत नाही. तोही स्वतःच्या कमरेवर हात ठेवून ‘चालायचंच’ म्हणतो आणि पुढे जातो.

अशा गावात राहून आपण पाठीच्या दुखण्यासाठी, नुसत्या दुखण्यासाठी, पुण्याला दवाखान्यात जावं का, हा प्रश्न मला उन्हाळ्यापासून सोडत नाही. मणक्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. ऑपरेशन नको, त्यानं फरक पडेल अशी खात्री देता येत नाही, पेन क्लिनिकला दाखवा. ती चिठ्ठी माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. लावणी झाली, शाळा सुरू होऊन चाचणी परीक्षाही झाली, चिठ्ठी तिथेच आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिलीचं मूल अक्षर गिरवायला लागलं की त्याच्या शेजारी जमिनीवर बसावं लागतं, त्याची बोटं आपल्या हातात घ्यावी लागतात. बसणं जमतं. उठताना मात्र एक हात बाकावर, एक मांडीवर, मग श्वास धरून थांबायचं, आणि उजव्या कुल्ल्यातून निघालेली कळ पोटरीपर्यंत उतरून गेली की मग पाय सरळ करायचा. वर्गाला हे सगळं पाठ आहे. खडू खाली पडला तर कुणीतरी उचलून माझ्या हातात देतं, त्याला सांगावं लागत नाही. सकाळी अंथरुणात कूस बदलायची तर आधी गुडघे, मग कंबर, मग खांदे असं हप्त्याहप्त्यानं वळते. दुपारी मंद ठणका. संध्याकाळी अंगठ्याला मुंग्या. शिंक येणार असं वाटलं की आधी भिंत गाठायची.

पावसात हे वाढतं, असं मी म्हणते, गावही म्हणतं. इथला पाऊस काही थोडाथोडका नव्हे. २०२४ च्या जुलैत ताम्हिणी घाटात चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पडला होता; कित्येक जिल्ह्यांना वर्षभरात एवढा मिळत नाही. पण सिडनीच्या संशोधकांनी कंबरदुखीच्या जवळजवळ हजार रुग्णांची दुखणी हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिली, तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, आणि पावसाचा नि कंबर धरण्याचा संबंध त्यांना लागला नाही. मला ते आधी पटलं नाही. मग आमचे चार महिने कसे जातात ते आठवून पाहिलं. चालणं बंद, कारण रस्ता निसरडा. कपडे वाळत नाहीत, घर ओलं, रात्री दरडीचे आवाज आले की झोप नाही. दिवसभर एका जागी आखडून बसणं. आभाळापेक्षा या सगळ्याचाच वाटा मोठा असावा, असं आता मला वाटतं. आणि हे खरं असेल तर त्यातलं थोडंफार आपल्या हातात आहे, हेही खरं.

उपाय केले नाहीत असं नाही. पहिल्यांदा उसण भरली तेव्हा सासूबाईंनी वाडीतल्या एका पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय कमरेला लावून घेतला होता. त्या वेळी दोन दिवसांत बरं वाटलं. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून शेक घेतला, आजही घेते, आणि त्याची ऊब खरोखर बरी वाटते. पुढे गोळ्या आल्या, गोळ्यांनी पित्त आलं. कमरेचा पट्टा आला. वजनं लावून ओढून घेणं झालं. मग एमआरआय झाला आणि घरात सगळ्यांच्या तोंडी ‘मणक्यात गॅप’ हे शब्द आले. गादी सरकलीय, शीर दबलीय. शत्रू सापडला याचंच समाधान केवढं होतं! दुखण्याला फोटो मिळाला होता.

त्या फोटोवरचा विश्वास एका जुन्या अभ्यासानं हलवला. १९९४ साली अमेरिकेत, कंबरदुखीची तक्रार नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढून पाहिले. निम्म्याहून अधिक जणांत कुठे ना कुठे चकती फुगलेली निघाली. सगळ्या चकत्या निर्दोष असलेली माणसं जेमतेम ३६ टक्के. म्हणजे माझ्या रिपोर्टात जे लिहिलंय तेच लिहिलेली कितीतरी माणसं आज डोक्यावर हंडा घेऊन चढ चढत असतील. फोटोतली गादी माझ्या दुखण्यात अजिबात नाही, असा याचा अर्थ नाही. पायात उतरणारी कळ दबलेल्या शिरेची असू शकते, डॉक्टरही तेच म्हणाले. पण किती दुखतं, किती दिवस दुखतं, एखाद्या दिवशी चालता येतं आणि दुसऱ्या दिवशी उठताही येत नाही हे कशामुळे, याची उत्तरं त्या काळ्यापांढऱ्या पट्टीवर नव्हती.

इथेच माझी खरी भीती होती. फोटोत पुरेसं कारण नाही म्हटल्यावर समोरचा माणूस काय म्हणतो, ते मी ऐकलेलं आहे. मनाचं आहे. टेन्शन घेता. वय झालं. घरात कुणी भांडत नाही ना? एका दवाखान्यात हे मला माझ्या मुलासमोर विचारलं गेलं, आणि मी त्या दिवशी परत येताना पौडपर्यंत बोलले नाही. पेन क्लिनिक म्हणजे हेच वाक्य अधिक गोड शब्दांत ऐकवणारी जागा असेल, असं मी धरून चालले होते. चिठ्ठी पर्समध्ये राहिली ती बरीचशी त्यामुळे.

ज्या माणसामुळे अशा दवाखान्यांची कल्पना जगात रुजली, त्याची हकिगत वाचल्यावर माझ्या मनातली ही गाठ थोडी सैल झाली. जॉन बोनिका. इटलीच्या एका लहान बेटावर १९१७ साली जन्म, पुढे अमेरिकेत. वैद्यकाचं शिक्षण त्यानं कुस्त्या खेळून पुरं केलं. दुसऱ्या महायुद्धात तो लष्करी रुग्णालयात भूलतज्ज्ञ होता. जखमा भरूनही ज्यांचं दुखणं भरत नव्हतं असे सैनिक त्याच्यापुढे येत, आणि एकट्या डॉक्टरला त्यांचं कोडं सुटत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. भूलतज्ज्ञ, अस्थितज्ज्ञ, मेंदूचे डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, व्यायाम देणारे, या सगळ्यांनी एका रुग्णाभोवती एकत्र बसावं हा त्याचा आग्रह. १९५३ मध्ये त्यानं वेदनेच्या उपचारांवर मोठा ग्रंथ लिहिला, १९७३ मध्ये वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. आणि हा माणूस स्वतः कुस्तीतल्या जुन्या दुखापतींमुळे जन्मभर दुखत होता, त्याच्यावर कितीतरी शस्त्रक्रिया झाल्या होत्या. हे कळल्यावर मला त्या दवाखान्याच्या दाराची भीती कमी वाटायला लागली. ते दार दुखणाऱ्या माणसानं बसवलेलं आहे.

मग मनाचा भाग. मेलझॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली मांडलं की दुखण्याचे संदेश कण्यातल्या मज्जारज्जूतून जसेच्या तसे मेंदूकडे जात नाहीत; वाटेत त्यांना कमी-अधिक सोडणारी एक जागा आहे, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही ती जागा उघडी-मिटती करतात. खाचराच्या बांधाला पाणी जायला तोंड ठेवतात, आणि दोन दगड, चार ढेकळं सारून ते लहानमोठं करतात, ते मला आठवलं. पाणी खरंच असतं, तोंड किती उघडं आहे तेही खरंच असतं. त्या मूळ मांडणीत पुढे पुष्कळ बदल झाले, पण भीती, जागरण, एकटेपणा, काळजी यांनी दुखणं वाढतं आणि भरवसा, हालचाल, झोप यांनी ते उतरतं हे टिकलं. बराच काळ दुखत राहिलं की नसाच हळव्या होतात, साध्या स्पर्शालाही दुखणं म्हणून कळवू लागतात, हेही नंतर दिसून आलं. म्हणजे ‘मनाचं आहे’ असं म्हणून मला घरी पाठवणारे अर्धंच बोलत होते. सगळं दुखणं शेवटी मेंदूतच उमटतं, मोडलेल्या हाताचंसुद्धा. त्यामुळे ते खोटं ठरत नाही.

वेदनेच्या अभ्यासाच्या त्याच आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत एक टीप जोडली: माणूस आपल्याला दुखतंय असं सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या जागतिक यादीत दीर्घकालीन वेदनेला स्वतःची जागा मिळाली. तीन महिन्यांहून अधिक टिकलेलं दुखणं आता दुसऱ्या कशाची खूण एवढंच राहिलेलं नाही, त्याचं स्वतःचं निदान लिहिता येतं. नुसत्या दुखण्यासाठी दवाखान्यात जाणं म्हणजे चोचले नव्हेत, हे मी मनातल्या मनात स्वतःला सांगत होते. ते कुणीतरी कागदावर मांडलेलं पाहून मला रडू आलं.

तरीही जायचं म्हणजे कुठे आणि कशासाठी, हे बघितल्याशिवाय मी निघणार नाही. पेन क्लिनिकची पाटी लावलेल्या सगळ्या जागा बोनिकाच्या मनातल्या नसतात. काही ठिकाणी एकच डॉक्टर, एकच टेबल आणि सुई. मणक्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन, किंवा रेडिओ-लहरींनी बारीक नस जाळणं. माणगावच्या एका ओळखीच्या बाईंना त्या इंजेक्शननं काही महिने पायाची कळ थांबली, त्या शपथेवर सांगतात. दुसरीकडे २०२५ च्या फेब्रुवारीत ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकानं तज्ज्ञांची शिफारस छापली की कॅन्सर नसलेल्या, जुनाट मणक्याच्या दुखण्यात या सुया नि नस जाळण्याचे प्रकार नेहमीच्या उपचारात करू नयेत, कारण खोट्या उपचाराशी तुलना करता त्यांचा फायदा फारसा दिसत नाही. वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी त्याला जोरदार हरकत घेतली, योग्य रुग्ण निवडला तर उपयोग होतो असं त्यांचं म्हणणं. या वादात निवाडा करण्याएवढी मी मोठी नाही. पण पहिल्याच भेटीत, तपासण्याआधी, सुईची तारीख देणाऱ्या जागी मला थांबायचं नाही, एवढं माझं ठरलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसं कंबरदुखीनं त्रस्त होती, असा अंदाज आहे. त्या सूचनांत भर आहे तो दुखणं समजावून सांगण्यावर, व्यायामावर, विचारांची नि वागण्याची घडी बसवणाऱ्या उपचारांवर. पट्टा नको, वजनं लावून ओढणं नको, अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या नकोत. कपाटातला माझा पट्टा मी त्या रात्री काढून पाहिला. त्याच्या कडा घामानं काळ्या पडल्या आहेत. त्यानं मला धीर दिला होता हे खरं, लग्नाकार्यात तो बांधूनच मी उभी राहिले. तो काढून टाकायचा तर त्याच्या जागी पाठीला काय द्यायचं, हे मला शिकवणारं कुणीतरी हवं. आडव्या झालेल्या बाईला उठवून ‘रोज व्यायाम करा’ म्हणणं फुकटचं आहे. आज किती पावलं, कळ आल्यावर थांबायचं की चालत राहायचं, बऱ्या दिवशी सगळी राहिलेली कामं उरकून पुढचे दोन दिवस अंथरुणात काढायचे ही माझी सवय कशी मोडायची, हे सगळं शेजारी उभं राहून दाखवावं लागतं. अक्षर गिरवण्यासारखंच ते. त्यासाठी मी जायला तयार आहे.

आणि तरी पाऊल उचलत नव्हतं. कारण घरात सासूबाई आहेत.

त्यांची पाठ आता इतकी वाकली आहे की बोलताना त्यांना मान वर करून बघावं लागतं. त्यांच्या काळात डोक्यावर इरलं घेऊन लावणी चालायची. आता प्लास्टिकच्या खोळी आल्या. जमिनीवरून उठताना त्या दोन्ही तळवे आधी घोट्यांवर, मग नडग्यांवर, मग गुडघ्यांवर टेकत स्वतःला वर आणतात. त्यांना घरात सोडून मी गाडी करून पुण्याला जायचं, माझं दुखणं सांगायला? हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. एका संध्याकाळी त्या पावटे सोलत बसल्या होत्या, तेव्हा धीर करून विचारलं, “आत्या, तुमची पाठ किती दुखते?”

त्यांनी शेंग हातातच धरली. “किती ते सांगू, का कवापासून ते सांगू?”

मग त्यांनी कधीपासून ते सांगितलं. धाकट्याच्या वेळी बाळंत होऊन दुसरा महिना सरला नव्हता तेव्हा लावणीला उतरल्या होत्या, कारण माणसं मिळत नव्हती. तांदळाचं पोतं उचलताना पाठीत काहीतरी तुटल्यासारखा आवाज आला होता, तो त्यांनी अजून ऐकू येत असल्यासारखा हातानं दाखवला. रात्री कुठल्या कुशीवर झोपतात, कुठे उशी लावतात, थंडीत काय होतं, सगळं. मी या घरात येऊन इतकी वर्षं झाली, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. सोसण्याचं आपल्याकडे फार कौतुक. त्या कौतुकाखाली बायकांच्या पाठी कशा मोडल्या, ते कुणी विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही. गावातल्या सगळ्यांची पाठ दुखते हे मी आजवर न जाण्याचं कारण समजत होते. त्या संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की ते जाण्याचं कारण आहे. सगळ्यांचं दुखतं म्हणून एकाचंही कमी दुखत नाही.

उठता उठता त्या म्हणाल्या, “तू जा. आन् त्यांला इचार, वाकून वर येताना मधीच जी सनक मारती, ती कशानं. म्या सत्तर वर्सं झाली इचार करती.”

त्यांचा हा प्रश्न मी वहीत लिहून घेतला आहे. त्याखाली माझे. कळ शून्यावर येईल अशी आशा मी धरलेली नाही, आणि तशी आशा दाखवणाऱ्याकडे मी जाणार नाही. मला सबंध तासभर वर्गात उभं राहायचं आहे. माणगावला मुलीकडे जायचं आहे, घाट उतरताना वळणावळणाला दांडी घट्ट न धरता. रात्री सलग झोप हवी. या तीन गोष्टींसाठी काय करता येईल ते सांगा, असं मी विचारणार आहे. किती दुखतं ते शून्य ते दहांत सांगा, असं ते विचारतील. इथे कुणी आपलं दुखणं आकड्यात सांगत नाही, पण मी खरा आकडा सांगणार आहे, शेजारी दुसरं कुणी बसलेलं असलं तरी.

राहिला प्रवास. निवे, माले, पौड, पिरंगुट. पुढे भूगावची गर्दी. बसून जायचं तर तिथे पोहोचेपर्यंत माझी पाठ बोलायच्या अवस्थेत राहत नाही. या खटपटीत मला आनंदवन उभारणारे बाबा आमटे आठवले. मणक्याच्या व्याधीमुळे त्यांना बसता येत नसे. एकतर उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून त्यांचं ‘भारत जोडो’ अभियान निघालं तेव्हा सोबतची तरुण मुलं सायकलींवर होती, आणि सत्तरी उलटलेले बाबा गाडीतल्या अंथरुणावर आडवे. तसेच ते काश्मीरच्या दिशेनं सगळा देश ओलांडत गेले, भेटीगाठी घेत, लोकांशी बोलत. त्यांना आडवं पाहून कुणाला त्यांच्याविषयी कमी वाटलं नाही. मात्र एवढ्या मोठ्या माणसाच्या दुखण्याला आपण तपश्चर्या म्हणतो, आणि शाळेतल्या बाईनं दुपारच्या सुट्टीत सतरंजीवर पाठ टेकली की तिला आळशी म्हणतो. आडवं होण्याचा हक्क मिळवायला कुणाला आनंदवन उभारावं लागू नये.

मुलानं पिरंगुटहून गाडी आणायचं कबूल केलंय. मागची सीट पूर्ण मोकळी ठेवायला सांगितली आहे, गुडघ्यांखाली घ्यायला गोधडीची गुंडाळी करून ठेवली आहे. पौडच्या चौकात गाडी हमखास थांबते आणि तिथे निम्मे चेहरे ओळखीचे असतात. कुणी काचेतून डोकावून “बाई, काय झालं?” म्हणून विचारलं तर मी उठून बसणार नाही. पाठ दुखते, त्यासाठी दवाखान्यात चालले आहे, असं पडल्या पडल्याच सांगेन.